कंपासपेटी आणि मोठ्या आईची ढोलकी

कंपासपेटी सातवीतली आहे. झाकणाच्या आत मी तेव्हा शाळेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. कागद कधीच निघून गेला, डिंकाचा पिवळा चौकोन राहिला. मागच्या वर्षी मी तिच्यातले कर्कटक, गुण्या आणि पेन्सिलीचा भुगा काढून टाकला आणि आत एक यंत्र बसवलं.

यंत्र म्हणजे बोटभर लांबीचा एक सर्किट बोर्ड, इअरफोन लावायची एक खाच, एक लाल दिवा आणि पितळेची एक चकती. ही चकती मजेशीर असते. वाजणाऱ्या खेळण्यांत, गजराच्या घड्याळात ती असते. तिला वीज दिली की ती आवाज करते, आणि उलट तिच्यावर बोट आपटलं की ती चिमूटभर वीज देते. यवतमाळच्या बसस्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मी ती मागितली.

"कायले पाह्यजे?"

"कॉलेजचं काम आहे."

"बेल बनवतं का?"

मी "हो" म्हणाले. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती, आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी एका मोडक्या घड्याळातून चकती काढली, डाख देऊन तिला दोन तारा जोडल्या आणि म्हणाले, "बेल वाजली की सांगजो." पुढे कितीतरी दिवस त्या दुकानासमोरून जायचं मी टाळत होते.

खरं काम असं होतं. मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते आणि आवाजाबरोबर माणूस बोट कसं आपटतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, "एवढंच?" एवढंच होतं. कानात ठराविक अंतराने टक, टक, टक असा आवाज येतो. माणसाने त्याच्याबरोबर बोट आपटायचं. आवाज नेमका कधी आला आणि बोट नेमकं कधी पडलं, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं. या कामाची तयार यंत्रं मिळतात, पण आमच्या विभागाला ती परवडणारी नव्हती. नुसत्या लॅपटॉपवर भागत नाही, कारण लॅपटॉप आवाज काढायला थोडा वेळ घेतो, कळ दाबल्याचं कळायला थोडा वेळ घेतो, आणि तो वेळ दर वेळी सारखा नसतो. मग चुकलं कोण, माणूस की लॅपटॉप, ते सांगता येत नाही. छोटा बोर्ड दुसरं काही करत नसल्यामुळे खरं बोलतो. टक आवाजही तोच काढतो, बोटही तोच टिपतो, आणि नंतर सगळे आकडे तारेवाटे लॅपटॉपला देतो.

मला हा विषय का आवडला, तर एका गोष्टीमुळे. आपल्याला वाटतं की आवाज ऐकला आणि मग बोट पडलं. तसं होत नाही. बहुतेकांचं बोट आवाजाच्या किंचित आधी पडतं, आणि आपण आधी पडलो हे त्यांना कळतही नाही. दोनचार टक ऐकले की माणूस पुढच्या आवाजाची वाट पाहत नाही, तो कधी येणार हे धरून चालतो. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात बसून बाकावर बोट आपटत राहिले, तर शेजारच्या मुलीने विचारलं, बोअर होतंय का.

घरी पहिली चाचणी बाबांवर केली. चकतीवर मी जुन्या चपलेचा गोल कापून चिकटवला होता, म्हणजे बोटाला लागू नये. बाबा चपलेच्या तुकड्याला हात लावायला आधी तयार होईनात. मग झाले. त्यांचं बोट खरंच आवाजाच्या जरा आधी पडत होतं आणि मला फार आनंद झाला. पण त्यांनी बोट उचललं तरी लाल दिवा लागत राहिला. बोट टिपलं गेलं की दिवा लागतो, अशी मी सोय केली होती. बोट नाही आणि दिवा लागतोय, हे मला काही केल्या कळेना. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजारच्या काकू मिरच्या कुटत आहेत." लोखंडी खलबत्त्याचा प्रत्येक घाव फरशीतून, टेबलाच्या पायातून वर येत होता आणि माझं यंत्र तो बाबांच्या नावावर मांडत होतं. मी बोर्डाला सांगितलं, अमुक जोराच्या खालचा धक्का मोजू नको. तो एक आकडा वाढवला आणि काकूंच्या मिरच्या गायब झाल्या. मला वाटलं, यंत्र आता पक्कं झालं.

माणसं मात्र शहरात मिळेनात. माझ्या मॅडम म्हणाल्या, गावाकडे जा. बाभुळगावच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे माझी मोठी आई राहते, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा आता नाहीत. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचे तेव्हा ती मला शेजारणींसमोर उभं करून "हे आमची इंग्लिशवाली" म्हणायची, आणि मी तिच्या लुगड्यामागे जायचे.

तिच्या ओसरीवर मी टेबल मांडलं. वस्तीतले लोक एकेक करून आले. प्रत्येकाला आधी फॉर्म वाचून दाखवायचा: भाग घेणं तुमच्या मर्जीवर आहे, कधीही उठून जाऊ शकता, तुमचा निकाल कोणालाही सांगितला जाणार नाही. यातला शेवटचा नियम मला फार सोयीचा वाटायचा. न बोलायला त्यात परवानगीच होती.

"लय पुस्तकातलं वाचतं व हे पोट्टी," एक आजोबा म्हणाले. "टक्टक् ऐक अन् बोट मार, इतलंच हाय ना?"

"हो."

"मंग इतलं कायले वाचून राह्यली?"

मोठी आई स्वतः मात्र बसत नव्हती. सगळ्यांना चहा देत होती, दारात उभी राहून दिव्याकडे पाहत होती. दुपारी सगळे गेल्यावर ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हे तुहं यंत्र ठोका मोजते ना?"

"हो."

"माहा मोज. अन् खरं सांगजो."

मग तिने जे सांगितलं, त्यातलं अर्धं मला बाबांकडून माहीत होतं. वस्तीच्या विहारात बायकांचं गायन मंडळ आहे आणि मोठी आई त्यात ढोलकी वाजवते. लग्न होऊन आली तेव्हापासून वाजवते. वडिलांकडून शिकली. गावात बाईने ढोलकी धरल्याचं तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं, आता ती नसेल तर वाटेल. मागच्या थंडीत तिला हलका लकवा मारला. डावा हात महिनाभर लुळा होता. औषधाने, चोळण्याने हात परत आला, आणि ती पुन्हा विहारात जाऊन बसली. पण बायका आता म्हणत होत्या की गाणं मागे ओढल्यासारखं होतं. जयंतीला तालुक्याच्या गावी मंडळाचं गाणं होतं. मंडळ चालवणाऱ्या काकू अंगणवाडी सेविका आहेत; त्यांनी मोबाइलमध्ये ताल वाजवणारं एक ॲप घेतलं होतं आणि ते स्पीकरला जोडून एकदा ऐकवलंही होतं.

"थ्या मोबाइलचा राग नाई मले," मोठी आई म्हणाली. "माहा हात खरंच मांगं पडत असन तर म्या सोताहून उठतो. पण कोनी सांगाव कसं? थ्या मले पाहून सांगतेत. वयनीले लकवा मारला, आता वयनीचा हात मांगं पडत असन, असं म्हनून आयकतेत. तुह्या यंत्राले ठाऊक नाई ना, मले लकवा मारला म्हनून?"

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. माझ्या मॅडमनी तीन तास शिकवलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली होती. मी तिला फॉर्म वाचून दाखवायला लागले तर तिने माझ्या हातातून घेऊन सही केली.

पदरावरून इअरफोन अडकत नव्हते, तिने पदर मागे टाकला. टक, टक सुरू झालं. ती बराच वेळ काहीच न करता ऐकत राहिली, मान अगदी थोडी हलत होती. मी म्हणाले, "आवाजाबरोबर मारायचं, मोठी आई." तिने डोळ्यांनीच थांब म्हटलं आणि मग उजव्या हाताची दोन बोटं चपलेच्या तुकड्यावर पडू लागली. चेहरा असा, की घरात कोणी नाही. माझ्या कानात आवाज नव्हता, मला फक्त बोटं दिसत होती. फार सुंदर पडत होती.

संपल्यावर मी तार लॅपटॉपला जोडली. मी लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक बोटाला जवळच्या आवाजाशी जोडायचा आणि फार लांब पडलेलं बोट 'चुकलं' म्हणून बाजूला काढायचा. मोठ्या आईची जवळजवळ सगळी बोटं चुकली होती. जी चारदोन उरली होती, ती आवाजाच्या खूप मागे होती. त्या आजोबांचा, ज्यांना ऐकूही कमी येतं, त्यांचा निकाल याहून चांगला होता.

मी स्क्रीन थोडी खाली केली.

"काय म्हनते?"

"हे लगेच कळत नाही. घरी जाऊन हिशेब करावा लागतो. मग सांगते."

"मंग सांगजो," ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलायला उठली.

बसमध्ये मी स्वतःला सांगत राहिले की मी खोटं बोलले नाही. नियम होता. शिवाय हे डॉक्टरचं यंत्र नव्हतं, कंपासपेटी होती. घरी आल्यावर मी तिची फाइल 'वगळलेले' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि पुन्हा उघडली नाही. तिला फोनही केला नाही. एकदा तिचाच आला. आईशी बोलली, माझ्याशी बोलायचं म्हणाली नाही.

दहा दिवसांनी उरलेल्या लोकांच्या चाचण्या घ्यायला पुन्हा गेले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली होती आणि ओसरीवर चुलीसाठी त्यांची मोळी रचून ठेवली होती. आत खुंटीवर ढोलकी होती. तिला तिचीच जुनी पिशवी घातलेली होती आणि पिशवीचं तोंड बांधलेलं होतं.

"आज प्रॅक्टिस नाही?" मी विचारलं.

"हाय ना. मोबाइल हाय. म्या टाळ्या वाजवतो."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"थ्या कायले सांगतीन. म्याच म्हनलं." ती माझ्यासाठी भाकर थापत होती, तव्यावरून नजर उचलली नाही. "तू बोलली नाई, तवाच समजलं मले. तुहं तोंड लहानपनापासून असंच हाय. वाईट असलं का चूप."

मी भाकर खाल्ली.

संध्याकाळी ती मला विहारात घेऊन गेली. पंखा, ट्यूबलाइट, समोर मूर्ती, बाजूला स्टँडवरचा माईक, खाली दोन सतरंज्या आणि त्यांवर दहाबारा बायका. मी भिंतीला टेकून बसले. काकूंनी मोबाइल स्पीकरला लावला आणि गाणं सुरू झालं. मोबाइलचा ताल बिनचूक होता. बायका टाळ्या वाजवत होत्या. गाणं बरं चाललं होतं, फक्त कडव्याच्या शेवटी बायकांना जिथे थोडं थांबायची सवय होती तिथे मोबाइल थांबत नव्हता, आणि दर वेळी त्या हसून पुन्हा पकडत होत्या.

"वयनी असत्या त थांबल्या असत्या," कोणीतरी म्हणालं. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मी मोठ्या आईच्या हातांकडे पाहत होते. मला कुठेही बसवा, मी लोकांच्या तोंडाऐवजी हातांकडे पाहते, ती जुनी सवय आहे. तिने दोन कडवी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यात टाळी थांबली आणि उजवा हात मांडीवर आला. दोन बोटं मांडीवर पडायला लागली. सगळ्यांची टाळी पडली की तिची बोटं वर असायची. टाळीचा आवाज संपला, पुढची टाळी अजून यायची आहे, नेमकी तिथे तिची बोटं खाली यायची. पुन्हा टाळी, पुन्हा मध्ये बोटं. एकदाही टाळीवर पडली नाहीत.

मला ओसरी आठवली. आधी बराच वेळ नुसतं ऐकणं आठवलं.

गाणं संपल्यावर मी तिला हळूच विचारलं, "मोठी आई, तू टाळीवर का नाही मारत?"

"कुठी?"

"आत्ता, मांडीवर. टाळी झाल्यावर मारत होतीस."

तिने मी काही वेडं विचारल्यासारखं पाहिलं. "टाळी त्या मारून राह्यल्या ना. थ्याच जागी म्या बी मारलं तर आयकू काय येईन? ढोलकीची जागा मंधात असते." मग तिला वाटलं असावं की मला आणखी सोपं करून सांगावं. "एकानं बोलाव, दुसऱ्यानं व्हय म्हनाव. दोघं संगंच बोलले तर भांडन."

लॅपटॉप तिच्या घरी होता. आम्ही परत आलो, ती दिवा लावायला आत गेली आणि मी 'वगळलेले' उघडलं. आकड्यांचा गोषवारा नाही पाहिला. प्रत्येक बोटाचा एक ठिपका मांडला. वर आवाजांची रांग, खाली बोटांची. मोठ्या आईचे ठिपके दोन आवाजांच्या बरोबर मध्ये, एका सुतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाजाच्या जवळचं सोडून बाकी सगळं चूक, असं मी प्रोग्रॅमला शिकवलं होतं, आणि त्याने मी शिकवलं तेच केलं होतं. तोपर्यंत मोजलेल्या माणसांत इतकं सारखं कोणाचंच नव्हतं. माझं तर नव्हतंच.

मी तिला बोलावलं. स्क्रीन तिच्याकडे फिरवली. हे पहिल्यांदाच करत होते.

"हे वरचे आवाज. हे खालचे तुझे ठोके."

तिने चष्मा लावला, बोट स्क्रीनवर ठेवून एकेक ठिपका सरकत गेली. "मंधातच हायेत सगळे."

"हो."

"मांगं नाई?"

"नाही. मीच चुकीचं मोजलं होतं. मी तुला आवाजावर मार म्हणाले होते, आणि तू मध्ये मारलंस, आणि मला ते कळलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं तुझं सगळं चुकलंय. म्हणून बोलले नाही."

ती ठिपक्यांकडेच पाहत होती. "दहा दिस म्या ढोलकीले हात नाई लावला," ती म्हणाली. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सॉरी, मोठी आई."

"इंग्लिशवाली," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "हा उजवा हात झाला. डाव्याचं काय?"

खरी गोष्ट डाव्याची होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी पेटी काढली. डाव्या हाताने तिने सुरुवात केली तेव्हा मी स्क्रीनकडे नाही, दिव्याकडे पाहत होते. बोटं पडली, दिवा लागला. बोटं पडली, दिवा लागला नाही. पुन्हा लागला नाही. मग एकदा लागला.

"म्या मारली व," ती इअरफोन लावलेला असल्यामुळे मोठ्याने म्हणाली. "पाह्य, मारून राह्यलो, तुहा दिवाच लागत नाई."

बोट पडत होतं हे मला दिसत होतं. फक्त हलकं पडत होतं. आणि मग मला शेजारच्या काकूंच्या मिरच्या आठवल्या. अमुक जोराच्या खालचा धक्का मोजू नको, असं मीच या पेटीला सांगून ठेवलं होतं. मी तो आकडा खाली आणला. आता दिवा प्रत्येक बोटाला लागू लागला. आणि मध्येमध्ये आपोआपही लागू लागला, कारण पंख्याची थरथर टेबलात येत होती. पंखा बंद केला. मार्चच्या उकाड्यात आम्ही दोघी घामाने निथळत, श्वास धरून बसलो, आणि तिचा डावा हात अंधुक उजेडात टक टक पडत राहिला.

ठिपके मांडले. उजव्याइतके सरळ नव्हते. काही पुढे होते, काही मागे, जराशी नागमोडी ओळ. पण ओळ मध्येच होती. मागे सरकलेली नव्हती.

या वेळी मी विचारायची वाट पाहिली नाही. "डावा हात थोडा इकडेतिकडे होतो. उजव्याएवढा पक्का नाही. पण मागे पडत नाही. त्याचा जोर कमी झालाय. इतका कमी, की माझ्या पेटीला आधी ऐकूच आला नाही."

"जोर कमी हाय हे मले सांगाव लागत नाई," ती म्हणाली. "मांगं नाई ना?"

"नाही."

"मंग त्यायले मांगं काहून वाटते?"

मी खुंटीवरच्या ढोलकीकडे पाहिलं. ढोलकीला दोन तोंडं. उजव्यावर बारीक बोल, डाव्यावर तो घुमणारा, ज्याच्यावर गाणं उभं राहतं. डावा हलका पडला की गाण्याला उभं राहायला जागाच मिळत नाही, आणि ते मागे ओढल्यासारखं वाटतं. मग मला विहारातला माईक आठवला.

"मोठी आई, तुझा माईक कुठल्या बाजूला असतो?"

"उजव्या. पयलेपासून. डाव्याले लागतच नव्हता, एकटाच सगळ्या विहारात घुमे." ती बोलता बोलता थांबली. मग उठली आणि खुंटीवरची पिशवी काढली.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडायची सोडून विहारात गेले. मोठ्या आईने काकूंना फक्त एवढंच म्हटलं, "आज माईक इकडं लावून पाहू, बाई." मी काही समजावून सांगावं अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि ठिपके दाखवायची तयारी करून गेलेली मी, लॅपटॉप पिशवीतच ठेवून बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनलं मशीननं?"

निकाल कोणालाही सांगितला जाणार नाही. मी मोठ्या आईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"मागे पडत नाही म्हणालं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की काकूंनी पुन्हा विचारलं, आणि मला सगळ्यांसमोर ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

अडचण एकच निघाली. मंडळाचा स्टँड जुना, त्याची मान फक्त एका बाजूला वळायची. मोठी आई मांडी घालून बसली की डाव्या तोंडाशी माईक पोचायचाच नाही. काकूंनी तो वाकवून पाहिला, खाली विटा लावून पाहिल्या. शेवटी मोठी आई म्हणाली, "स्टँड कायले पाह्यजे, हे बसली ना रिकामी," आणि माईक माझ्या हातात दिला.

मी तो धरून तिच्या डाव्या बाजूला बसले. पहिली टाळी पडली, आणि टाळीनंतरच्या मोकळ्या जागेत डाव्या तोंडातून तो घुमारा निघाला, आधी माझ्या मनगटात, मग स्पीकरमधून सगळ्या विहारात. कडव्याच्या शेवटी बायका थांबल्या. ढोलकीही थांबली. मग एकदमच सगळ्या निघाल्या.

गाणं संपल्यावर काकू ढोलकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वयनी, इतले दिस कुठी होता हा हात?"

"इथीच होता," मोठी आई म्हणाली. "तुमचा माईक तिकडं होता."

काकूंनी मोबाइलची वायर काढून गुंडाळून पर्समध्ये ठेवली. त्यांनी माफी मागितली नाही आणि मोठ्या आईने वाट पाहिली नाही. पुढच्या गाण्यावरून दोघींचा लगेच वाद सुरू झाला.

प्रबंधात तिचे ठिपके घेता आले नाहीत. मॅडम म्हणाल्या, सूचना वेगळी समजली गेली, तेव्हा हे बाकीच्यांत मिसळता येणार नाही. ते बरोबरच होतं. मी फॉर्ममधली सूचना बदलली आणि 'वगळलेले' या फोल्डरला तिचं नाव दिलं. ढोलकी, डफ वाजवणारे आणखी कोणकोण मध्येच मारतात, हे आता मला पाहायचं आहे. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

जयंतीच्या दिवशी तालुक्याच्या गावात मंडप मोठा होता, माणसं बसली होती त्याहून जास्त उभी होती. मंडळाच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. स्टँड अजूनही तोच होता. मी मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जागा धरली होती, तर मोठ्या आईने स्टेजवरून हात करून बोलावलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने ढोलकी मांडीवर घेतली, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि माझ्याकडे पाहत नुसती बसून राहिली. काकू तिच्याकडे पाहायला लागल्या, मग बाकीच्या बायका, मग समोरचे लोक वळून माझ्याकडे.

मी स्टेजवर गेले आणि सगळ्या गर्दीकडे तोंड करून, माईक धरून, तिच्या डाव्या बाजूला बसले.